पाळणा पास झाला

मी लिफ्ट तपासतो. सरकारी खात्यातर्फे इमारती-इमारतींत जायचं, व्यवस्थित चालणाऱ्या लिफ्टकडे संशयाने बघायचं, आणि ती कधी, कशी आणि कुणाला घेऊन बंद पडेल याचा विचार करायचा, हे माझं काम. चौदा वर्षं असं केल्यावर माणसाचा स्वभाव काय होतो, ते माझ्या बायकोला विचारा. किंवा नको, राहू द्या. ती सांगत बसेल आणि माझी गोष्ट राहून जाईल.

गोष्ट पाळण्याची आहे. आमची मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती. जन्मल्यापासून तिच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, अगदी झोपेतसुद्धा, म्हणून घरात सगळे तिला बुक्की म्हणत. एका रविवारी आईचा फोन आला. आई माझ्या मोठ्या भावाकडे असते, इथून गाडीने सात तास. बुक्कीच्या जन्माच्या आठवडाभर आधी ती घरातच घसरून पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यामुळे नातीला तिने फक्त फोनवर पाहिलं होतं. तेही फोन दादा धरायचा, म्हणून बहुतेक वेळा बुक्कीला आजीचा एक कान आणि छताचा पंखा एवढंच दिसायचं.

"हिला घेऊन या रे एकदा," आई म्हणाली. "मला बाकी काही नको. माझ्या पलंगाला लागून झोपवा तिला. मी पडल्या पडल्या हात लांब केला की लागली पाहिजे हाताला. बस, एवढंच."

"पुढच्या रविवारी निघतो," मी म्हणालो. इथे फोन ठेवला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण मी पुढे म्हणालो, "फक्त तिच्यासाठी एक सुरक्षित पाळणा बघून घेतो."

पलीकडच्या खोलीत बायकोने कपाळाला हात लावल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

पाळणा म्हणजे छताला टांगून झोके द्यायचा नव्हे. घडी घालून बरोबर नेता येईल, आणि जाऊ तिथे मोठ्यांच्या पलंगाला लागून उभा करता येईल, असा. प्रथम मी बुक्कीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "गादी सपाट आणि घट्ट, बाळ पाठीवर, पलंग आणि पाळणा यांच्यात फट नाही, आणि पाळण्यात फक्त बाळ."

"फक्त बाळ, आणि?"

"आणि काही नाही. उशी नाही, दुलई नाही, खेळणी नाहीत."

हे मी इमारतीत सांगितलं आणि हलकल्लोळ झाला. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी इमारत त्यांना 'बाई' म्हणते, आणि चाळीस वर्षं वर्गावर ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की त्या पुटपुटल्या तरी तिसऱ्या मजल्यावर माणसं सावरून बसतात. "एवढंसं लेकरू नुसत्या फळीवर?" बाई पुटपुटल्या. "कैदी आहे का ती?" संध्याकाळपर्यंत त्यांनी चार उशा, एक गोधडी आणि कापसाचा एक हत्ती आणून दिला. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी बुक्कीला सामानाच्या पेटीत झोपवावं असं सुचवलं. ते स्वतः तसेच वाढले म्हणे. त्यांच्याकडे बघून मला तो पुरावा उलट बाजूचा वाटला, पण मी नुसती मान डोलावली.

पहिला पाळणा मी दुकानातून आणला तो विक्रेत्याच्या हातचलाखीला भुलून. त्याने एका हाताने, फोनवर बोलत बोलत, तो उघडला आणि मिटला. मी दोन्ही हात, एक गुडघा आणि बायकोची हेअरपिन वापरून पाऊण तासात उघडला, आणि मिटताना माझं बोट आत राहिलं. तेही मी सहन केलं असतं. पण उघडल्यावर मधोमध गादी अंगठाभर खाली जात होती. खोलगट गादी म्हणजे नापास. मी तो काखोटीला मारून परत द्यायला निघालो.

आता पुढचा भाग मी थोडक्यात सांगणार आहे, कारण त्यात माझी अब्रू आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये, पाळण्याने आपण होऊन उघडायचं ठरवलं. घरी पाऊण तास लागला होता, इथे त्याने डोळ्याची पापणी लवायच्या आत काम उरकलं. त्याचा एक पाय आतल्या जाळीच्या दारात घुसला, दार किंचित उघडलं, आणि दार उघडलं की लिफ्टने जागीच थांबायचं असतं. ती थांबली. खरं तर ती अगदी नियमाप्रमाणे थांबली होती, आणि त्या अवस्थेतही मला तिचं कौतुक वाटलं. मी पाळण्याच्या आत उभा होतो. बाहेर बाई पुटपुटत होत्या.

चाळीस मिनिटांनी मेकॅनिक आला. त्याने जाळीतून आत डोकावलं आणि त्याचा चेहरा उजळला. मागच्या महिन्यात मी त्याच्या तीन लिफ्ट एकाच दिवशी नापास केल्या होत्या.

"साहेब," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "भार जास्त झाला का?"

"दार उघड."

"उघडतो ना. पण आधी नोंद करावी लागेल. तुम्हीच म्हणाला होतात, नोंदीशिवाय हात लावायचा नाही." आणि त्याने खिशातून पेन काढून सावकाश नोंद केली. अडकलेल्या इसमाचं नाव, अडकलेल्या इसमाचा व्यवसाय. व्यवसाय लिहिताना त्याने माझ्याकडून अक्षरं तपासून घेतली.

दुकानात परतीच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिच्या फॉर्ममध्ये कारणाचे चारच चौकोन होते. रंग आवडला नाही, तुटका निघाला, दुसरीकडून भेट मिळाला, आणि बाळाला नको आहे. "मधोमध अंगठाभर खाली जातो" हे कशात बसतं, यावर आम्ही बराच वेळ चर्चा केली. मागे रांग वाढली. शेवटी तिने चौथ्या चौकोनात खूण केली आणि विचारलं, "बाळ स्वतः म्हणालं का?" मी सही केली.

दुसरा पाळणा मात्र खरंच चांगला होता. एक बाजू खाली दुमडते, दोन रुंद पट्ट्यांनी मोठ्यांच्या पलंगाला आवळून बांधता येतो, गादी घट्ट, उंची सहा टप्प्यांत बदलता येते. शिवाय त्याच्यासोबत बावीस पानांची माहितीपुस्तिका होती, आणि ती वाचताना मला समानधर्मी भेटल्यासारखं झालं. प्रत्येक पानावर काय काय वाईट होऊ शकतं ते लिहिलं होतं. अकराव्या पानावरचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते लाल पेनाने अधोरेखित केलं: 'बाळ हातागुडघ्यांवर उठू लागताच या पाळण्याचा वापर तत्काळ थांबवावा.' त्या 'तत्काळ'मध्ये कसा सरकारी बाणा आहे बघा.

मी त्याच दिवशी दादाला फोन केला. पाळण्याची लांबी ब्याण्णव सेंटिमीटर, रुंदी छप्पन्न. आईच्या पलंगाशेजारी तेवढी जागा जमिनीवर आखून ठेव आणि तिथे कुणाला काही ठेवू देऊ नको. "आणि पलंगाची उंची मोजून पाठव."

दादा शाळेत चित्रकला शिकवतो. दोन दिवसांनी त्याने पलंगाचं पेन्सिलचित्र पाठवलं. उशीवर पडलेली खिडकीतली तिरीप इतकी हुबेहूब होती की मला डुलकी यायला लागली. आकडा मात्र एकही नव्हता. पुन्हा फोन केला, तेव्हा तो जरा दुखावला, आणि म्हणाला, "एकवीस इंच, गादीसकट. अजून काही कलाहीन प्रश्न?" पाळणा बावीस इंचांपर्यंत जात होता. माझा जीव भांड्यात पडला.

राहिली चाचणी. आमच्या खात्यात नियम आहे, लिफ्टवर जेवढा भार लिहिलाय त्याच्या सव्वापट घालून तपासायची. बुक्की तेव्हा सहा किलो चारशे ग्रॅम होती. सव्वापट म्हणजे आठ किलो. मी आठ किलो पिठाची पिशवी पाळण्यात ठेवली, आणि पीठ गादीवर सांडू नये म्हणून तिला बुक्कीचं जुनं झबलं घातलं. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पट्ट्यांचा ताण आणि फटीचं माप वहीत लिहिलं. बायको मधून मधून विचारायची, "पिठाला बरं वाटतंय का आज?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका दुपारी बाई चष्मा घरी विसरून आल्या. पाळण्याशी वाकून पाच मिनिटं त्यांनी पिठाशी गप्पा मारल्या. "किती गुणी गं! रडत नाही, हलत नाही," त्या बायकोला म्हणाल्या. "अगदी बापावर गेलीय."

दरम्यान दर रविवारी आईचा फोन येत होता. "कधी रे?" ती विचारायची. "चाचणी चालू आहे," मी सांगायचो. "बरं," ती म्हणायची. आईचं 'बरं' फार छोटं असतं, आणि मी ते वहीत लिहीत नव्हतो.

चाचणी संपली. मी तिकिटं काढली. निघायला दोन दिवस असताना वहिनीने फोनवर आईची खोली दाखवली, आणि वहिनीला फोन नीट धरता येत असल्यामुळे मला प्रथमच पलंगाचे पाय दिसले. प्रत्येक पायाखाली लाकडाचा एक जाडजूड ठोकळा होता.

"ते काय आहे?"

"ते होय? आईंना उठबस सोपी जावी म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मागच्या आठवड्यात लावायला सांगितलेत. चार इंची."

"दादा!" मी ओरडलो.

"तू पलंगाची उंची विचारली होतीस," दादा मागून शांतपणे म्हणाला. "ठोकळे पलंगाचे नाहीत. सुताराचे आहेत."

पंचवीस इंच. पाळणा बावीस. तीन इंचांची पायरी, म्हणजे बाळ एका पातळीवर आणि आजी दुसऱ्या. ठोकळे काढायला ताईंनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. पाळण्याखाली ठोकळे लावायला मी नकार दिला, आणि माझंही बरोबर होतं. दोन्हीकडची माणसं बरोबर असली की काम कसं ठप्प होतं, याचा मला कचेरीत चांगला अनुभव आहे.

"मी काय म्हणते," बायको म्हणाली. "जमिनीवर घट्ट गादी घालू. सपाट, वर काही नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी, चालेल म्हणाल्या. पाळणा इथेच ठेवू आणि निघू."

"आईचा हात पोचणार नाही," मी म्हणालो.

"पण आई पोचतील ना! म्हणजे आपण पोचू त्यांच्यापर्यंत!" तिचा आवाज चढला. बायको रागावली की तिची वाक्यं उलटसुलट होतात, पण अर्थ सरळ असतो. तो मला तेव्हा कळला होता, हे मी कबूल करतो. तरी मी तिकिटं रद्द केली.

कंपनीला पत्र लिहिलं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. मी तक्रार नाही, विनंती आहे असं कळवलं. त्यांनी विनंतीसाठी वेगळा विभाग असल्याचं कळवलं. त्या विभागाने विचारलं, आधीच्या तक्रारीचं काय करायचं? ती मागे घ्यायची तर कारण द्या. असं करत करत उंच पायांचा जोड मिळतो हे कळेपर्यंत चार आठवडे गेले, आणि तो यायला आणखी पाच. त्यातही पहिल्यांदा तीनच पाय आले. चौथ्यासाठी नवा तक्रार क्रमांक मिळाला, आणि या वेळी ती खरोखर तक्रार होती.

पाय बदलले की यंत्र बदललं, यंत्र बदललं की चाचणी नव्याने. बुक्की आता साडेसात किलोंची होती, म्हणून पिठाचं वजनही वाढवलं. झबलं मोठं लागलं. या सगळ्याचा अर्थ काय होतो हे पिशवीच्या झबल्याची बटणं लावताना तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझी सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेलीय. लिफ्टवर एकदा 'सहा माणसं' लिहिलं की ती तीस वर्षं सहाच राहतात.

अखेर तो दिवस आला. सकाळी मी खात्याच्या पद्धतीने एक प्रमाणपत्र तयार केलं, 'पाळणा पास' असं लिहून खाली सही केली आणि कपाटाला चिकटवलं. बॅगा दारात होत्या. बाई निरोप द्यायला आल्या होत्या, चष्म्यासकट. वरचे बँकवाले गृहस्थ, गरज पडली तर म्हणून, सामानाची पेटी घेऊन उभे होते. मी पाळणा शेवटचा एकदा उघडून दाखवला, आणि बायकोने बूट घालता यावेत म्हणून बुक्कीला त्यात ठेवलं.

बुक्की पालथी झाली. ते ती महिनाभर करतच होती, आणि खरं तर तेव्हाच मी पुस्तिका पुन्हा उघडायला हवी होती. मग तिने दोन्ही मुठी गादीवर रोवल्या. मग ढुंगण वर केलं. मग गुडघे पोटाखाली घेतले, आणि हातागुडघ्यांवर उभी राहून, पुढेमागे झुलत, पाळण्याच्या काठावरून तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. बायको एक बूट घालून तशीच उभी राहिली. मला फक्त अकरावं पान दिसत होतं, आणि त्यावरची माझीच लाल रेघ.

"तत्काळ," मी म्हणालो.

बायकोने बुक्कीला उचललं, दुसरा बूट घातला, आणि म्हणाली, "आता मी गाडीत बसणार आहे. तुला पुढची चाचणी करायची असेल तर पीठ घरात आहे." मी प्रमाणपत्र कपाटावरून काढलं, घडी करून खिशात घातलं, आणि पातळ घट्ट गादीची गुंडाळी खांद्यावर टाकून तिच्यामागून जिना उतरलो. लिफ्टने गेलो नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आई दारात वॉकर धरून उभी होती. बुक्कीला बघताच ती वॉकर वळवून आत गेली. पलंगावर बसली, बुक्कीला मांडीवर घेतलं, आणि तिची एक मूठ उघडायचा प्रयत्न करत राहिली. "मोठी झाली की ही," एवढंच म्हणाली, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गादी घालायला गेलो. पलंगाशेजारी जमिनीवर पांढऱ्या खडूचा एक आयत होता. दादाने आखलेला, ब्याण्णव बाय छप्पन्न, कोपरे अगदी काटकोनात. वहिनी मागे उभी होती. ती म्हणाली, "तीन महिने हे पुसू दिलं नाही आईंनी. फरशी पुसायची ती कडेकडेने. फिकट झालं की ह्यांना सांगून पुन्हा काढून घ्यायच्या."

"पण बाथरूमचं दार या बाजूला आहे," मी म्हणालो.

"हो ना. त्या वॉकर घेऊन पलंगाला पूर्ण वळसा घालून जायच्या. म्हटलं, यावरून जा की, खडू तर आहे. तर म्हणायच्या, बुक्कीची जागा आहे ती, त्याने ठेवायला सांगितलीय."

मला फार लाज वाटली. हे जरा गमतीत सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही येत. खुबा मोडलेली बाई माझ्या एका फोनवर तीन महिने दिवसातून सहा-सात वेळा वळसा घालत होती, आणि तिकडे मी पिठाला झबली घालत होतो.

मी आयताच्या आत गादी घातली. बुक्की झोपली. आई पलंगाच्या कडेला पाठीवर पडली, कारण त्या कुशीवर वळायला तिला अजून परवानगी नव्हती, आणि तिने हात खाली सोडला. बोटं ताणली. मी आपोआप टेप काढला आणि मोजलं. एक वीत कमी पडत होती. उंच पायांचा पाळणा बरोबर पोचला असता. साध्या पायांचा, ठोकळे लागण्याआधी आलो असतो तर, तोही पोचला असता.

"किती?" आईने विचारलं.

"वीतभर."

"असू दे. चष्मा आहे की. दिसतेय मला."

अर्ध्या तासाने बुक्की जागी झाली. रडली नाही. पालथी झाली, झुलली, आणि मग पोटावर सरकत, कोपरं रोवत, गादीवरून उतरून फरशीवर आली. खडूच्या रेघेवरून ती सरपटत गेली तशी रेघ तिच्या पोटाखाली पुसत गेली, आणि अंगरख्यावर पांढरा पट्टा उमटला. आई उठून बसली. मी मदतीला पुढे झालो तर तिने हाताने थांबवलं. पाय खाली सोडून ती नुसती बघत बसली.

बुक्की ठोकळ्यापाशी पोचली, त्याला चाटून पाहिलं, मान वर केली, आणि आईच्या पायाचा अंगठा घट्ट मुठीत धरला.

"सापडले गं तुला," आई म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू का उभा आहेस तिथे? ये इकडे. आणि तो टेप ठेव आत."

मी टेप खिशात ठेवला. मग ओला बोळा आणून, बाथरूमच्या वाटेवरची उरलेली रेघ गुडघ्यांवर बसून पुसून काढली.